अँटिलोपपासून झेब्रापर्यंत

आमच्या साहेबांच्या लेखी मायएसक्यूएलचं, म्हणजे आमचा डेटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन म्हणजे एक आकडा. ५.६ खोडायचं, ८.० लिहायचं, त्यात काय एवढं? मध्ये ५.७ला उतरावंच लागतं, थेट गाडी नाही, हे सांगितलं की ते माझ्याकडे असं बघतात, जणू ती अट मीच घातलीय.

डेटा तोच असतो हो, तो डिस्कवर मांडायची पद्धत बदलते. मायएसक्यूएलमधला जो भाग ही मांडामांड करतो तो इनोडीबी. इनोडीबीवाल्यांनी या पद्धतींना प्राण्यांची नावं दिली. पहिली अँटिलोप, दुसरी बॅराकुडा. सोर्स कोडमध्ये तर पुढे चीता, ड्रॅगन, एल्क करत थेट याक आणि झेब्रापर्यंत सव्वीस नावं लिहून ठेवलेली. पाळणा हलायच्या आत बारशाची यादी तयार! जन्मले दोघंच. ८.०मध्ये, २०१८ साली, पद्धत निवडायची सेटिंगच काढून टाकली. एक्स अक्षरावरून झेनॉप्स नावाचा पक्षी शोधून काढणाऱ्या माणसाबद्दल मला खरंच हळहळ वाटते.

आमची टेबलं अँटिलोपच्या राज्यातली. तिथे इंडेक्समधल्या (डेटा पटकन शोधायच्या सूचीतल्या) एका कॉलमला ७६७ बाइट मिळतात. देवनागरीच्या 'क'ला लागतात तीन. आमचा नावाचा कॉलम २५५ अक्षरांचा. २५५ त्रिक ७६५, दोन बाइट शिल्लक, सगळं सुखात. मग ग्राहक मंडळी नावापुढे गुलाबाचा इमोजी लावू लागली. गुलाबाला चार बाइट! त्यासाठी कॉलम यूटीएफ८एमबी४, म्हणजे अक्षरामागे चार बाइट धरणारा, करायला जावं, तर हिशेब १०२० वर जातो आणि सर्व्हर 'की (इंडेक्समधली नोंद) फार लांब आहे' म्हणून हात वर करतो. मग २५५चे १९१ करायचे, १९१ चोक ७६४. नवी पोरं विचारतात, १९१ का, मुहूर्ताचा आकडा आहे का?

बॅराकुडाच्या डायनॅमिक मांडणीत हीच मर्यादा ३०७२ आहे. म्हणून तर अपग्रेडचा घाट. रात्र जागून ८.० वर पोचलो, कॉलम २५५चा केला, आणि पुन्हा तेच: की फार लांब! कारण सर्व्हर नवा झाला तरी जुनी टेबलं आपली अँटिलोपच्या काळातली कॉम्पॅक्ट मांडणी सोडत नाहीत. एकेका टेबलाला 'अल्टर'ची आज्ञा देऊन उठवावं, नव्याने मांडावं लागतं. मोठं टेबल उठायला इतका वेळ घेतं, की चहा होतो, पोहे होतात, शेजाऱ्यांचा अभिषेकही आटोपतो.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "काही अडलं तर परत ५.७ वर आण, हाय काय नाय काय."

"सर, ८.० वरून खाली येता येत नाही. जुना बॅकअप चढवायचा, मधला डेटा गेला."

"बरं, मग वर तर जाता येतं ना? ते ८.४ आलंय म्हणे. हात ओला आहे तोवर तेही उरकून घे."