रायफलचा सुटा भाग आठशे रुपयांत? हिशेब पूर्ण मांडूया

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांत सध्या एक दावा जोरात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: एअर रायफलची बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), गालाखालचा आधार, साइट (नेम धरायचा भाग) उंच करणारा ठोकळा हे शेवटी ॲल्युमिनियमचे तुकडे. धातू अडीचशेचा, व्हीएमसीचं (संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनचं) भाडं ताशी सहाशे, काम तासाभराचं. म्हणजे आठशे-साडेआठशेत भाग तयार. परदेशी कंपन्या त्याचे दसपट घेतात ती निव्वळ लूट. तेव्हा जुना भाग स्कॅन करा, जवळच्या मशीनशॉपमध्ये द्या. कोणताही भाग, अगदी एक नगसुद्धा, मिळेल.

यातली ओढ मला समजते. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती ठरली, स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसहून ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले. आणि कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागांत धातू कापणाऱ्यांची वानवा नाही. जॉबवर्क (गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे भाग कापून देणं) करणारा म्हणून ही कामं मला हवीच आहेत. पण अर्धा हिशेब डोक्यात घेऊन आलेलं गिऱ्हाईक किंमत ऐकताच आपण फसवले जातोय असं समजून परत जातं, आणि होण्यासारखं काम राहून जातं.

आधी पैशाचं. 'धातू अधिक मशीनचा तास' हे सूत्र पहिला पीस पास झाल्यानंतरचं आहे. त्याआधीचं काम त्यात धरलेलंच नाही. साइटखालचा ठोकळा घ्या. ड्रॉइंग नक्की करून प्रोग्रॅम करायला पाच तास, ताशी ५०० धरले तर २,५०० रुपये. हा जॉब दोन-तीन बाजूंनी पलटून धरावा लागतो, त्याच्या मापाचे सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ धातूचे जबडे) कापायला १,५००. टूल लावणं, ऑफसेट घेणं (टूल आणि जॉब नेमके कुठे आहेत ते मशीनला सांगणं), पहिला पीस सावकाश चालवून मापणं यात मशीनचे चार तास जातात: २,४००. ॲनोडायझिंगवाला (ॲल्युमिनियमवर टिकाऊ रंगीत थर चढवणारा) एका नगासाठी टाकी लावत नाही, लॉटचे किमान १,५०० घेतो. ही बेरीज ७,९०० झाली, आणि ती एक नग केला तरी तेवढीच, शंभर केले तरी तेवढीच. नगामागचा खर्च वेगळा: धातू २५०, मशीनची पन्नास मिनिटं ५००, बर (कापल्यावर उरलेल्या धारदार कडा) काढणं आणि तपासणी १००. एकूण ८५०.

म्हणजे दाव्यातला आकडा हवेतला नाही, फक्त त्यातून ७,९०० गळले आहेत. एकच नग केला तर ८,७५० रुपये. पाच केले तर नगाला २,४३०. वीस केले तर १,२४५. शंभर केले तर ९२९. हे दर मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील, जीएसटी वेगळा. पण उताराचा आकार हाच राहील. तो नीट बघा. एकावरून वीसवर येताना साडेसात हजार वाचतात, विसावरून शंभरावर जाताना जेमतेम तीनशे. त्यामुळे 'एक नग स्वस्तात होतो' हे जितकं चूक, तितकंच 'हजारो नगांच्या ऑर्डरशिवाय सीएनसी (संगणकावर चालणारं मशीनकाम) परवडत नाही' हेही चूक. आपल्या कामाची खरी जागा पाच ते वीस नगांत आहे.

'स्कॅन करून जसाच्या तसा बनवा' हा दुसरा मुद्दा. स्कॅनरला आकार दिसतो, फिट दिसत नाही. एअर रायफलवरच्या डव्हटेलला (साइट सरकवून बसवायच्या तिरक्या बाजूंच्या पट्टीला) सगळे ११ मिलिमीटरची म्हणतात, पण तिच्या बाजूंचा कोन काही ठिकाणी ४५ अंश, काही ठिकाणी ६० अंश असतो, आणि रुंदीही कंपनीगणिक बदलते. चुकीच्या कोनाचा क्लॅम्प बसल्यासारखा वाटतो, धरतो मात्र फक्त कडेवर. त्यात ॲनोडायझिंग. ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हार्ड कोट, म्हणजे जाड ॲनोडायझिंग, दिला तर त्यातला साधारण अर्धा थर मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो, म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजू मिळून ०.०५ मिमी फट कमी होते. कोटिंगआधी मऊ सरकणारा भाग कोटिंगनंतर अडकतो. हे माप प्रोग्रॅममध्ये आधीच सोडावं लागतं, आणि ते सोडायचं हे स्कॅन सांगत नाही.

धातूचंही तसंच. एचई-३० मागितलं आणि दुकानदाराने एचई-१५ दिलं (दोन्ही ॲल्युमिनियमचेच मिश्रधातू) तर कापताना मजा येते, पण एचई-१५मध्ये तांबं जास्त असल्यामुळे ॲनोडायझिंगचा रंग उठत नाही. शिवाय हे भाग वाढत्या वयाच्या मुलांसाठी पुन्हापुन्हा सैल करून सरकवले जातात. ॲल्युमिनियममधला एम-४चा (४ मिमी स्क्रूचा) आटा त्याने झिजतो, म्हणून आट्यात स्टीलची इन्सर्ट (आतली बाही) घालायला हवी. ती 'तुकड्या'च्या हिशेबात कोणी धरत नाही. या बारकाव्यांना मी इतकं महत्त्व देतो कारण १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. बटप्लेट केसभर हलली तर पोरगी आपल्याच तंत्राला दोष देत बसते, आणि ते मला सहन होत नाही.

घरी छोटा राउटर (लाकूड कोरायचं मशीन) घेऊन करू म्हणणाऱ्यांना एवढंच: रायफलच्या लाकडी स्टॉकसाठी (दस्त्यासाठी) चालेल. ॲल्युमिनियममध्ये नेमकं माप धरायला मशीनचा ताठपणा लागतो, तो त्यात नसतो.

आता 'कोणताही भाग'. इथे मी ठाम नकार देतो. मॅच एअर रायफलचा हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात, मोटारीच्या टायरच्या ऐंशी-नव्वद पट. कंपन्या त्यावर दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत नेमबाजावर आहे. सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह किंवा भरण्याचा ॲडॉप्टर दाबाची चाचणी न घेणाऱ्या शॉपने बनवू नये.

आणि ५० मीटरची पॉइंट टू-टू रायफल तर कायद्याने बंदूकच आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात, आणि कलम ५नुसार परवान्याशिवाय उत्पादन, दुरुस्ती, बदल यांना बंदी आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. बॅरल, बोल्ट, ट्रिगरचा भाग 'फक्त ड्रॉइंगप्रमाणे कापून दिला' ही सबब तिथे चालत नाही. २० जूलपर्यंतच्या ऊर्जेने गोळी सोडणारी ४.५ मिमी एअर रायफल विनापरवाना बाळगता येते हे खरं, पण बाळगण्याच्या सवलतीतून बनवण्याची सवलत आपोआप निघत नाही. गालाच्या आधारासारख्या भागाबद्दलही शंका असेल तर परवाना अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्या. नाव नसलेलं, वापर न सांगितलेलं ड्रॉइंग कोणत्याही शॉपमालकाने मशीनवर चढवू नये.

राहिली 'लूट'. परदेशी किमतीत नफा आहेच. वाहतूक, आयात शुल्क, दुकानदाराचं कमिशन आहे. पण तो भाग आधी कोणीतरी डिझाइन केलेला आहे, स्पर्धेच्या तपासणीत बसवलेला आहे. एअर रायफलचं वजन सगळं धरून साडेपाच किलोच्या आत राहावं लागतं. तुम्ही जाड ठोकळा लावला आणि वजनकाट्यावर अडकलात तर तो भाग आयत्या वेळी काढावा लागतो, आणि महिनोन् महिने बसवलेली पोझिशन त्याच्याबरोबर जाते.

म्हणून एकटे येऊ नका. एकाच मॉडेलची रायफल वापरणारी पाच-सात मुलं प्रत्येक क्लबात असतात. प्रशिक्षकाकडून हवी ती उंची आणि सरकण्याची मर्यादा लिहून घ्या, रायफल ज्याची आहे त्याने कागदपत्रांसह सोबत यावं, आणि पहिला पीस कोटिंगआधी बसवून बघायची अट ऑर्डरमध्येच घाला. तो आठवडाभर वापरून मुलाने होकार दिला की मगच उरलेले नग कापायला सांगा. दोन-अडीच हजारात असा आधार इथे होतो, आणि पोरगं वाढलं की पुढच्या मुलाच्या रायफलवर चढतो.