पाणी चढतंय, बाबा!

दादरच्या माणसाला सकाळी कॉफी प्यायची तर त्याने दूध तापवावं, चमचाभर पूड आणि साखर टाकावी, वर जायफळ किसावं आणि पेपर उघडावा. आमच्याकडे हे असंच चालायचं. मग चिरंजीवांना जुन्या कॉफीयंत्रांचा नाद लागला.

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरून आधी आला सायफन. काचेचा एक गोळा खाली, एक वर, मधे नळी आणि बुडाशी स्पिरिटचा दिवा. ही युक्ती जर्मनीत १८३०च्या दशकातली. पाणी तापलं की वाफेच्या दाबाने वर चढतं आणि पुडीत मिसळतं. दिवा काढला की खालचा गोळा निवतो, आत पोकळी होते आणि कॉफी फडक्यातून गाळून खाली ओढली जाते. फार देखणं प्रकरण! सोसायटीतली मुलं बघायला येतात. पण त्यांना ऑफिस नसतं. ''बाबा, हात नको लावूस, पाणी चढतंय!'' ते चढेपर्यंत माझी ८.१२ची लोकल परळ सोडून गेलेली असते.

मग मोका पॉट. इटलीत १९३३ साली अल्फोन्सो बियालेट्टीने आणलेलं हे अष्टकोनी अॅल्युमिनियमचं भांडं आपल्या शेगडीला मानवत नाही. बूड एवढंसं, ते शेगडीच्या दांड्यांमधून थेट बर्नरवर कलंडतं. शेवटी बायकोने पापडाची जाळी दिली. आता आमच्या पापडांना किंचित इटालियन वास येतो. शिवाय हे भांडं साबणाने घासायचं नाही म्हणे. तसं मावशींना सांगायचं काम माझ्यावर आलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि तारेच्या घासणीने ते असं लखलखीत केलं, की चिरंजीव रात्री जेवला नाही.

पर्कोलेटरबद्दल न बोललेलं बरं. त्यात झालेली कॉफी पुन्हा पुन्हा वर जाऊन पुडीवरून खाली येते, मंत्रालयातल्या फायलीसारखी, आणि शेवटी हाती लागतं ते कडूच.

सध्या कागदी फिल्टरचा मोसम आहे. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झबाईंनी १९०८ साली मुलाच्या वहीतला टीपकागद काढून कॉफी गाळली, तिथून हे सुरू झालं. निदान तिथे आई कामाला लागली होती. आमच्याकडे मुलगा वजनकाट्यावर १५ ग्रॅम पूड तोलतो, थोडं पाणी ओततो आणि अर्धा मिनिट थांबतो. का, तर भाजलेल्या पुडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जायला हवा. त्याला जायचंय तर जाऊ दे की, मला का ताटकळत ठेवता?

मला विचाराल तर माटुंग्याचा पितळी फिल्टर. पूड देताना दुकानदार फक्त 'चिकोरी किती?' एवढंच विचारतो, म्हणजे कॉफीत ती भाजलेली मुळी किती मिसळायची. रात्री वरच्या भांड्यात पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि झोपायचं. सकाळी खाली डिकॉक्शन तयार. थांबायचं इथेही, पण घोरत. चिरंजीवांचं मत, ''यात काही कंट्रोलच नाही, बाबा.''

आईला मात्र सगळी यंत्रं सारखी. कुठलीही कॉफी आली की ती दूध-साखर घालते आणि जायफळ किसायला घेते. परवा नातू कळवळला, ''अगं आजी, या कॉफीत जांभळाची चव आहे, ती मारतेस तू!''

''जांभळं खायची तर जूनमध्ये आण टोपलीभर,'' आई किसता किसता म्हणाली, ''कॉफीत कशाला घालतोस?''