‘लावी’चा तो फोटो खऱ्या विमानाचा नाही

तपकिरी-हिरव्या कॅमोफ्लाजमधलं, शेपटीवर स्क्वाड्रनचं चिन्ह असलेलं ‘लावी’ हे इस्रायली हवाई दलाचं नव्वदच्या दशकातलं लढाऊ विमान होतं, असं सांगत एक फोटो फिरतोय. ते प्लास्टिकचं स्केल मॉडेल, म्हणजे छोटी प्रतिकृती आहे. काम झकास, यात वाद नाही! पण लावी हवाई दलात कधी दाखलच झालं नाही. पहिलं उड्डाण ३१ डिसेंबर १९८६ चं. खर्च झेपेना, त्यात अमेरिकेचा दबाव; ३० ऑगस्ट १९८७ ला इस्रायली मंत्रिमंडळाने १२ विरुद्ध ११ मतांनी प्रकल्प गुंडाळला. शिवाय उडालेली चाचणीची विमानं दोन आसनी होती, फोटोत आसन एकच. ‘असं झालं असतं तर’ म्हणून अशी मॉडेल्स हौसेने बनवली जातात. फॉरवर्ड करणाऱ्यांनी ती विमानदलात भरती केली.