पंचविशीत हृदयाचा सीटी? आधी ईसीजीचा कागद बघा

कुणी तरुण व्यायाम करताना कोसळल्याची बातमी आली की व्हॉट्सॲपवर हा मजकूर फिरतो: 'पंचविशी ओलांडली की हृदयाचा सीटी करून घ्या. पाच मिनिटांत स्नायूचा सगळा दोष दिसतो. ईसीजी-इको आता जुने झाले. रेडिएशन एक्स-रेएवढंच.' पाठवणारे काळजीपोटी पाठवतात, पण त्यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

'स्नायूचा सगळा दोष दिसतो.' तरुणाला सहसा करायला सांगतात ती सीटी अँजिओग्राफी. शिरेतून आयोडीनयुक्त डाय सोडून हृदयाच्या धमन्या बघायच्या, अडथळा आहे का ते शोधायचं. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूमागे मात्र अनेकदा स्नायूचा किंवा विद्युतप्रवाहाचा दोष निघतो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी घ्या: स्नायू जाड होण्याचा, बहुधा आनुवंशिक आजार, साधारण ५०० जणांत एकाला. जाड भिंत सीटीत दिसेलही. पण रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा किती, श्रमानंतर तो वाढतो का, झडप गळते का, हे इको-डॉपलर (ध्वनिलहरींनी हृदय आणि रक्तप्रवाह बघणारी तपासणी) सांगतो. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची सूज, शोधायला एमआरआय लागतो. आणि लाँग क्यूटी, ब्रुगाडासारख्या विद्युतप्रवाहाच्या आजारांत हृदय दिसायला सहसा धडधाकटच असतं. त्यांची खूण ईसीजीवर उमटते, तीही कधीकधी लपते.

'ईसीजी-इको जुने झाले.' इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची तपासणी सक्तीची आहे आणि तिचा कणा ईसीजीच आहे. व्हेनेतो भागात त्यानंतरच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू दरवर्षी लाखामागे ३.६ वरून ०.४ वर आले. सगळं श्रेय तपासणीलाच द्यावं का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. सीटीचा मात्र त्यात संबंध नव्हता.

'रेडिएशन एक्स-रेएवढंच.' छातीचा एक एक्स-रे ०.१ मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशन मोजायचं एकक) आत असतो. हृदयाची सीटी अँजिओग्राफी चांगल्या मशीनवरही बऱ्याचदा १ ते ५. गरज असेल तर हा सौदा परवडतो. लक्षण नसलेल्या विशीतल्या मुलीच्या छातीवर तो उगाच कशाला? शिवाय डायची ॲलर्जी, किडनीचा प्रश्न, नाडी मंदावायला दिलेली गोळी, हे वेगळंच.

सीटी निकामी आहे असं मुळीच नाही. धमनी जन्मतःच चुकीच्या जागेहून निघाली असेल, तर ते दाखवण्यात त्याच्या तोडीची तपासणी क्वचितच. पेसमेकरसारख्या बसवलेल्या यंत्रामुळे एमआरआय जमत नसेल, तर डाय दिल्यावर काही मिनिटांनी पुन्हा सीटी काढून स्नायूतला व्रणही शोधता येतो. पण हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा, पॅकेजच्या जाहिरातीचा नव्हे.

'कॅल्शियम स्कोअर शून्य, म्हणजे हार्ट क्लीन' ही त्याच मजकुराची पुरवणी. तो स्कोअर धमन्यांतला चुना मोजतो, स्नायूबद्दल चकार शब्द काढत नाही.

धावताना चक्कर येऊन पडणं, श्रमात छातीत दुखणं, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक जाणं, यांपैकी काही असेल तर आधी ईसीजी आणि इको करा. कार्डिओमायोपथी निघालीच, तर आई-वडील, भावंडं आणि मुलांनाही याच दोन तपासण्या लागतात. फॉरवर्डमध्ये या घरच्यांचा उल्लेखही नाही.