शिडी आधी लावा, चिखलाचं नंतर बघू

अभिनंदन! घरच्यांना ‘सेफ्टी’ आणि स्वतःला ‘सह्याद्री’ सांगून तुम्ही एकदाची ऑफरोडर घ्यायची ठरवलीत. टोकन भरून झालंय, समोर सेल्समन व्हेरियंटचा तक्ता आणि ॲक्सेसरीजचं चकचकीत पुस्तक घेऊन बसलाय, मशीनचा चहा गार होतोय. गोंधळू नका. पुढे सांगितलंय तसं केलंत तर गाडी कुठेही रुतली तरी फोटोत उठून दिसेल.

पहिली बचत फोर बाय फोरवर, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याच्या सोयीवर करा. महिंद्रा थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हापासून ही सोय झालीय. चेहरा तोच, रुबाब तोच, आणि पुढच्या चाकांकडे ताकद जाते की नाही हे सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्याला कळायचं कारण नाही. वाचलेल्या पैशांतला किरकोळ भाग ‘४×४’ या स्टिकरवर घालवा. चिकटवण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसून घ्या. नाहीतर पहिल्याच पावसात एक ‘४’ गळतो आणि मागे नुसतं ‘×४’ घेऊन फिरावं लागतं.

खरी फोर बाय फोर घ्यायचा हट्टच असेल तर ती वसूल करा. मिळाल्या दिवसापासून लिव्हर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या नेहमीच्या गतीच्या खाचेत टाकून कोरड्या डांबरावर हिंडा. थार काय, मारुतीची जिम्नी काय, दोन्हींची यंत्रणा पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती लावायची. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतो. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान, आणि हा फरक पचवायला मध्ये कोणी नाही. मातीत चाक जरासं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर तो शाफ्टमध्ये आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसमध्ये पिळासारखा साठत जातो. स्टिअरिंग जड होईल, सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायर कुरकुरतील, आणि टू-हायला, म्हणजे परत दोन चाकांवर यायला लिव्हर नकार देईल. तिच्यावर जोर काढा, लाथ घाला. दहा-पंधरा फूट सरळ रिव्हर्स घेतला की पीळ उतरतो आणि लिव्हर लोण्यासारखी सुटते, ही माहिती फक्त मॅन्युअल वाचणाऱ्यांसाठी आहे. तुमचं मॅन्युअल अजून प्लास्टिकच्या पिशवीत असणार.

लिव्हरला हात न लावणारा दुसरा पंथही तितकाच पवित्र. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फोर बाय फोर लावली की आतलं तेल फिरतं, सांधे मोकळे राहतात. इतका वेळ आहे कोणाला? तीन वर्षांनी गरज पडेल तेव्हा लागेलच की!

आता तक्त्यात ‘डिफरन्शियल लॉक’ असे दोन शब्द दिसतील. तिथे थांबू नका, तो मुद्दा वेंटिलेटेड सीटच्या आड येतो. साधा डिफरन्शियल मनाने फार उदार असतो. ज्या चाकाला फिरायला सगळ्यात सोपं, त्यालाच सगळं फिरवणं देऊन टाकतो. म्हणजे एक चाक खड्ड्यावर हवेत लटकलं की ते पंख्यासारखं भिरभिरतं आणि जमिनीवरचं शेजारी बसून बघतं. लॉक दोघांना एका दावणीला बांधतो. मेकॅनिकल लॉक दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप बसतो, तोही गाडी हळू असतानाच. त्यामुळे चाक घसरल्यावर ॲक्सिलरेटर क्षणभर धरून ठेवावा लागतो. तुम्ही तो घाबरून सोडा, लॉक बसणार नाही, मग ‘कंपनीने फसवलं’ म्हणून रील टाका. काही गाड्यांत लॉकऐवजी ब्रेकची युक्ती असते. भिरभिरणारं चाक ब्रेकने दाबायचं, म्हणजे ताकद पलीकडे जाते. लहान अडचणीला उत्तम, लांब चढाला ब्रेक तापतात. फोर्सच्या गुरखाला दोन्ही ॲक्सलना लॉक येतो, पण तिच्या डॅशबोर्डकडे बघून मेहुणे वाहवा करत नाहीत, त्यामुळे तो विषय संपला.

टायरच्या बाबतीत कंपनी तुमच्याच मताची आहे, हे ऐकून बरं वाटेल. २०२० च्या थारमध्ये खालच्या व्हेरियंटला २४५/७५ आर १६ आणि वरच्याला २५५/६५ आर १८. गणित सोपं आहे, पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा तिच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचे इंच: २४५ चे ७५ टक्के म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंत १८४ मिलिमीटर रबर, आणि २५५ चे ६५ टक्के म्हणजे १६६. पाच दरवाजांच्या थार रॉक्सच्या वरच्या व्हेरियंटला २५५/६० आर १९, तिथे १५३. पैसे वाढत जातात, रबर कमी होत जातं, जागा अलॉय घेतो. वाळूत टायर मऊ करून त्याला पसरू द्यायचं तर हीच उंची कामाला येते, आणि दगडावर चाक आपटलं की रिम वाचवते तीही हीच. पण सोळा इंची काळं स्टीलचं चाक लावून लग्नाला कसं जाणार? अठराच घ्या.

मग डिलिव्हरीनंतर आठ दिवसांत तेही काढून २८५/७० आर १७ चे मड टेरेन, म्हणजे चिखलाचे खोल खाचांचे टायर लावा. व्यास ७८९ मिलिमीटरवरून ८३१ होतो. पोटाखालचा डिफरन्शियल त्याच्या निम्म्याने, म्हणजे २१ मिलिमीटरने उचलला जातो. अंगठ्याच्या रुंदीएवढी ही झेप. बदल्यात पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर आतल्या लायनरला घासेल, ॲव्हरेज उतरेल, ओल्या डांबरावर ब्रेक लांब जाईल, आणि ऐंशीच्या वर गाडीत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटेल. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा पाच टक्के जोरात पळत असेल. कंपनी काट्यात थोडी जास्त दाखवायची जी सूट ठेवते, ती इथे खर्ची पडते. एक्सप्रेसवेचे कॅमेरे तुमचा काटा बघत नाहीत. त्यात स्टेपनीही त्याच मापाची, ती मागच्या दरवाजावर टांगलेली. बिजागऱ्या वर्षभरात कुरकुरायला लागतील. त्याच दरवाजावर शिडी लावायला विसरू नका. वर जायला काही नसलं तरी चालेल.

दोन इंचांचं लिफ्ट किट लावल्याशिवाय दर्जा येत नाही. फक्त एक गोष्ट कोणाला सांगू नका: स्प्रिंग उंच केल्याने बॉडी वर जाते, मागचा ॲक्सल होता तिथेच राहतो. दगड लागायचा तो ॲक्सलच्या मधल्या भोपळ्यालाच, म्हणजे डिफरन्शियलच्या डब्याला, आणि त्या भोपळ्याला उचलतो फक्त मोठा टायर. लिफ्टने पुढून-मागून चढायचा कोन सुधारतो हे खरं. पण थारला तो पुढून मुळातच ४१ अंशांच्या आसपास आहे, आणि तुमच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे मॉलच्या तळघराची पट्टी.

आता स्नॉर्कल, म्हणजे इंजिनला छपराच्या उंचीवरून हवा देणारी नळी. याच्याशिवाय गाडीला नाक नाही. थारची पाण्यात जायची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे साधारण गुडघ्याच्या वर. स्नॉर्कल लावला की ही मर्यादा छपरापर्यंत गेली असं समजा. अल्टरनेटर, वायरिंगचे जोड, दरवाजाची रबरं, सगळे समजून घेतील. बाहेरून बसवलेल्या स्नॉर्कलची खरी परीक्षा एअर फिल्टरच्या डब्याशी असलेल्या जोडाची असते. तो हवाबंद नसेल तर वर नळी आकाशाला आणि खाली इंजिन पाणी ओढतंय, असा योग जुळतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉडच वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारून बघाच. न वाकलेलेही वाकतील. विमा कंपनी मग विचारेल, ‘इंजिन प्रोटेक्ट घेतलं होतं का?’ ते तुम्ही ३डी मॅटसाठी कापलं होतं.

ॲक्सल आणि गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छोट्या ब्रीदर नळ्या असतात. चढ चढून तापलेला ॲक्सल गार ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून पाणी आत ओढलं जातं. नंतर तेल काढलं की ते दुधाच्या चहासारखं निघतं. चार रबरी नळ्या बॉनेटपर्यंत उंच नेणं हा स्नॉर्कलपेक्षा फार स्वस्त इलाज आहे. पण त्या दिसत नाहीत, मग काय उपयोग?

विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढणारा बंपरवरचा विजेचा रहाट घ्या, ९,५०० पौंडांचा, म्हणजे ४,३०० किलो ओढणारा. ही ताकद ड्रमवरच्या अगदी आतल्या, पहिल्या थराला मोजलेली असते. दोर जितका जास्त गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. म्हणून तो कधी सोडूच नका, गुंडाळलेलाच देखणा दिसतो. पूर्ण ओढीला विंच बॅटरीतून चारशेच्या आसपास अँपिअर खातो, त्यासाठी इंजिन चालू लागतं, हे जागेवर कळेल. सोबत स्टीलचा बंपर. दोन्ही मिळून पुढच्या स्प्रिंगवर एखादा धडधाकट माणूस कायमचा बसवल्यासारखं आहे, शिवाय एअरबॅगचे सेन्सर नव्या जाडीचा अंदाज घेत बसतील.

छपरावर एलईडी बार हवाच. १२० वॉटचा बार १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतो. रिले आणि फ्यूज लावू नका, हेडलाइटच्या स्विचमधूनच वायर काढा, स्विच वितळल्याचा वास आला की बार चालू आहे हे समजतं. पावसाळ्यात ताम्हिणीच्या धुक्यात तो जरूर लावा. पांढरा प्रकाश समोरच्या धुक्यावर आपटून थेट डोळ्यांत परत येतो आणि रस्ता सोडून बाकी सगळं उजळतं. परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर, म्हणजे पुढे लावायच्या लोखंडी कठड्यांवर कारवाई करायला सांगितलंय, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दंड ‘दर बदलामागे’ आहे, याचा अभिमान बाळगा. तुमची बेरीज मोठी येणार.

आतल्या सजावटीत मात्र रसिकता दाखवा. थारच्या तळाला पाणी काढायची बुचं आहेत. पायातला चिखल पाइप मारून धुवायचा आणि बूच काढायचं, इतकं सोपं. त्यावर सेव्हन-डी मॅट शिवून घ्या. मॅटखाली ओल राहील, वास येईल, मग वास घालवायला परफ्यूम, ही साखळी दुकानदाराला पोसते. सीट पांढऱ्या मिळत असतील तर कोकणच्या लाल मातीसाठी त्याच निवडा. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर जाड कव्हर चढवून तिलाही घरात ठेवा. पॅनोरमिक सनरूफ सोडू नका. त्याच्या कोपऱ्यांतल्या बारीक नळ्या धुळीने आणि पाल्याने तुंबल्या की पाणी खांबातून पायाशी उतरतं. उघडायच्या असतील तर तारच घाला, आतली नळी सांध्यातून सुटेल. हलकी हवा मारून चालतं, पण त्यात थरार नाही.

एवढं झाल्यावर काही फालतू वस्तूंचा आग्रह करणारा मित्र भेटेल. टायरमधली हवा मोजायचा गेज, बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा कॉम्प्रेसर, आठ-नऊ मीटरचा ताणला जाणारा कायनेटिक दोर, दोर गाडीला अडकवायचे पावणेपाच टनांचे दोन शॅकल, एक फावडं. सगळं मिळून तुमच्या एका टायरच्या किमतीच्या आसपास. वाळूत उतरण्याआधी हवा ३२ पीएसआयवरून १८-२० वर आणायची, परत डांबरावर आलं की भरायची, १५ च्या खाली नेली तर टायर रिमवरून सुटू शकतो, इतकंच त्याचं शास्त्र. हा मित्र बोअर आहे. त्याला व्हॉट्सॲप ग्रुपवर म्यूट करा.

पहिल्या सहलीला किनाराच गाठा, वाळूत गाडी नेऊ नका असा फलक असेल तिथेच. स्क्रीनवर गाडी किती अंश कललीय, कंपास काय म्हणतो, सगळं येतं. भरतीची वेळ तेवढी त्यावर येत नाही. ती कोकणातली म्हातारी माणसं तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून काढतात: अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, आणि पुन्हा साडेबारा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर येतं. तुम्ही रुताल ते ओल्या-सुक्या वाळूच्या सीमेवर, वरून घट्ट दिसते तिथे. चाक फिरलं की ॲक्सिलरेटर दाबत राहा, पाच मिनिटांत पोट वाळूवर टेकेल. विंचचा दोर २५ मीटर आणि सुरूची झाडं शंभरावर. गावातली पोरं झावळ्या आणतील, चाकांच्या पुढे भरतील, मग ट्रॅक्टर येईल. ट्रॅक्टरवाला खाली वाकून हुक शोधेल. तो स्टीलच्या बंपरमागे गेलाय. शिडीला दोर बांधू देऊ नका, ती चार स्क्रूंवर आहे. आणि पैशांचं ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आधीच बोलून घ्या, लाट पायरीला लागल्यावर तो मागेल ते द्यावं लागतं.