पाचशेच्या स्टॅम्पवर लग्न मोडत नाही

‘घटस्फोटाचे नवे नियम, सगळ्यांपर्यंत पोचवा’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझ्या आतेबहिणीच्या मुलीला तो तिच्या सख्ख्या काकांनी पाठवला, वर ‘कोर्टाबाहेरच मिटवून टाक’ हा सल्ला जोडून. ती माहेरी आलेली आहे, पदरात चार वर्षांचा मुलगा आहे आणि सासरकडून टाईप केलेला मसुदाही आलाय. फक्त तिची सही बाकी आहे. म्हणून हे लिहितेय, आणि रागानेच लिहितेय.

मेसेजचा पहिला मुद्दा: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दोघांच्या आणि दोन पंचांच्या सह्या घ्या, नोटरीचा शिक्का मारा, फारकत झाली.

नाही झाली. हिंदू विवाह कायदा, 1955 ज्यांना लागू आहे (बौद्ध, जैन आणि शीखही त्यातच येतात), त्यांचं लग्न मोडायला न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. सही कोणी केली, एवढीच खात्री नोटरी देतो. लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही, पंचांना नाही, जातपंचायतीला तर नाहीच नाही. कलम 29(2) मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा ठेवलेली आहे, हे मान्य. पण तशी रूढी आपल्या समाजात पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. ‘आमच्यात असंच करतात’ एवढ्यावर भागत नाही. मेसेजमध्ये याचा उल्लेखसुद्धा नाही.

या कागदावर विसंबून कोणी दुसरं लग्न केलं तर काय होतं? पहिलं लग्न कायद्याने शाबूत असतं, म्हणून दुसरं रद्दबातल ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ज्या बाईने ‘त्यांची फारकत झालीय’ यावर विश्वास ठेवून संसार मांडला, तिला पत्नीचा दर्जाच मिळत नाही. बऱ्याचदा हे कळतं नवरा गेल्यावर, फॅमिली पेन्शनच्या अर्जासोबत पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला जातो तेव्हा.

याहून वाईट आहे ते त्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य: ‘यापुढे पोटगी, दागिने, मुलाचा खर्च यांपैकी काहीही मागणार नाही.’ मुलाच्या खर्चाचा हक्क मुलाचा आहे, तो आईने सोडायचा म्हटला तरी सुटत नाही. तिचा स्वतःचा पोटगीचा हक्कही अशा खासगी कागदाने संपत नाही. पण एकदा सही झाली की तोच कागद तिच्यासमोर नाचवला जातो, आणि तो निरुपयोगी आहे हे दाखवायला वकील तिलाच करावा लागतो. म्हणजे लग्न मोडलेलं नाहीच, वर सासरी राहिलेलं स्त्रीधन परत मागायची उमेदही गेली. स्त्रीधन तिचंच असतं, लग्न टिको वा मोडो. काकांनी हे वाचून मग सल्ला द्यायला हवा होता.

दुसरा मुद्दा, पोटगीचा. ‘नोकरी करणाऱ्या बायकोला पोटगी नाही, आणि नवऱ्याने नोकरी सोडली तर द्यावीच लागत नाही.’ दोन्ही चूक. यासाठी एकच निकाल पुरेसा आहे: रजनेश विरुद्ध नेहा, सर्वोच्च न्यायालय, 4 नोव्हेंबर 2020. प्रकरण आपल्या नागपूरचं. पत्नीला दरमहा 15,000 रुपये आणि मुलासाठी वेगळी रक्कम, असा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा आदेश कुटुंब न्यायालयाने दिला होता. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हरला आणि दिल्लीपर्यंत गेला. तिथे न्यायालयाने साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. पत्नी कमावते एवढ्याने पोटगी नाकारता येत नाही. तिच्या कमाईत तिचं आधीच्या राहणीमानाप्रमाणे भागतं का, हे पाहायचं. धडधाकट, शिकलेला नवरा ‘माझं उत्पन्नच नाही’ म्हणून सुटत नाही. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. आणि दोघांनीही पगार, बँक खाती, कर्ज, मालमत्ता सगळं शपथपत्रावर उघड करायचं. ‘पगाराच्या 25 टक्के’ हा आकडा मेसेजमध्ये आहे, तो 2017 च्या एका निकालातून आलेला. पक्कं सूत्र नाहीच. रक्कम प्रत्येक प्रकरणात वेगळी ठरते.

आता एक गोष्ट कबूल करते. याच नागपूरच्या प्रकरणात 2013 चा अर्ज 2020 पर्यंत लोंबकळला. तारखांना लोक भितात, ते उगीच नाही. पण उशीर होतो म्हणून फसवा कागद खरा होत नाही.

‘बायकोला नवऱ्याची अर्धी मालमत्ता मिळते’ हे महाराष्ट्रात खोटं आहे. गोव्यात खरं आहे: तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता समाईक असते आणि निम्मी वाटणी होते. आपल्याकडे पत्नीला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारं एक विधेयक 2010 मध्ये आलं, 2013 मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं, पण लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. अफवेचं मूळ बहुधा तिथेच. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे आणि पैसे कोणी भरले, हे इथे महत्त्वाचं.

‘सहा महिन्यांची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली’ हेही अर्धवट. परस्पर संमतीच्या अर्जानंतरचे हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं 2017 मध्ये ठरलं. माफी मागावी लागते, कारणं दाखवावी लागतात. अर्जाआधी वर्षभर वेगळं राहण्याची अट तशीच आहे.

जॉइंट गृहकर्ज घटस्फोटाने आपोआप एकट्याचं होत नाही. बँकेच्या लेखी दोघंही कर्जदार राहतात, हप्ता चुकला की दोघांचा सिबिल स्कोअर पडतो. विमा, पीएफ, बँक खातं यांवरचं नॉमिनेशन स्वतः जाऊन बदलावं लागतं. दरमहाची पोटगी घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न धरली जाते, एकरकमी रक्कम नाही. एकरकमी ठरवताना हे वकिलाला विचारून घ्यावं.

आणि ‘वकिलाचा खर्च परवडत नाही’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी: विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जाताना लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, मुलाचा जन्मदाखला, दागिन्यांच्या पावत्या आणि नवऱ्याच्या पगाराचा मिळेल तो पुरावा सोबत न्या. सहीसाठी आलेला मसुदाही न्या, सही न करता.