आधी काम, मग विश्वास
‘मला जमणार नाही’ ही मनातली गाठ आधी सोडवा, यश आपोआप येईल, असे मनोवृत्तीवरच्या एका लेखात म्हटले आहे. माझ्या मते क्रम बहुधा उलटा असतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्वक्षमतेच्या (‘हे काम मला जमेल’ या विश्वासाच्या) सिद्धांतातही कोरड्या उपदेशापेक्षा स्वतः पार पाडलेल्या कामाला अधिक वजन आहे. भोसरीतील आमच्या कारखान्यात हाताने चालवायच्या लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) हयात घालवलेले एक काका संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सीएनसी यंत्राकडे फिरकतही नसत. शेजारच्या पोराने त्यांना नुसता टूल ऑफसेट (कातायच्या हत्याराच्या मापाचा आकडा) यंत्रात भरायला लावला, पहिलाच जॉब (घडवलेला भाग) मापात उतरला (मायक्रोमीटर त्यांनी दोनदा लावून पाहिला), आणि हळूहळू ते प्रोग्रॅमही वाचू लागले. मात्र शिकायला सवडच न देणारे मालक कामगाराच्या मनोवृत्तीला दोष देतात, त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही.